हाताचं पाणी

मी गाडीच्या तळाला भोक पाडत होते तेव्हा रंगराव भावजी आले. ड्रिलच्या आवाजात त्यांची हाक मला ऐकू आली नाही. कुणीतरी दाराचा पत्रा वाजवला म्हणून मान वळवली, तर ते दारात उभे, आणि त्यांच्या मागं एक अनोळखी माणूस पुढच्या टायरला बुटाच्या टोकानं दाबून बघत होता.

"शालन, हे काय चाललंय?"

"सांडपाण्याची नळी खाली काढतेय," मी म्हटलं.

भावजींनी आत डोकावलं. ड्रायव्हरची सोडून सतरा सीटांपैकी पंधरा सीटा मी काढून भिंतीला लावल्या होत्या. सीटांच्या जागी एका बाजूला लाकडी फळ्यांचा पलंग, दुसऱ्या बाजूला स्टीलचं छोटं बेसिन, त्याखाली ऐंशी लिटरची निळी टाकी. भावजी काही बोलायच्या आत तो अनोळखी माणूस पुढं आला. जयसिंगपूरहून गाडी बघायला आलोय म्हणाला. तेव्हा मला कळलं की आमची गाडी विकायला काढलीय.

"बघा की," मी म्हटलं. "पण तळाला भोक आहे. अजून दोन पाडणार आहे."

तो माणूस भावजींकडे बघून हसला, चहा नको म्हणाला आणि गेला. भावजी मात्र गेले नाहीत. ते यांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं, लायसन्स काढून दिलं, पहिल्या गाडीला जामीन राहिले. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी मला विचारलं, हे खूळ कुणाचं. मी सांगितलं, यांची हौस आहे. मग ते घरात गेले आणि यांना विचारलं. हे खिडकीपाशी कॉटवर पडले होते. म्हणाले, "हिचंच खूळ. मला कशाला विचारतोस?"

दोघांनी दोन उत्तरं दिली, पण भावजींच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात आणि त्याची बायको गाडीत मोरी बांधतेय.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. आम्ही मिरजेत राहायचो. मी एका लहान दूध संघाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करून निवृत्त झाले होते. आमचे हे, महिपती, सत्तावीस वर्षं शाळेच्या मुलांची गाडी चालवत. सकाळी साडेसहाला निघायचं, संध्याकाळी शेवटचं पोर घरी पोचवून यायचं. उन्हाळ्यात आणि दिवाळीत सहली. सगळं गाव त्यांना गाडीमामा म्हणायचं. मग पाय सुजायला लागले, तोंडाला चव राहिली नाही, आणि तपासणीत किडन्यांचं निघालं.

आठवड्यातून तीनदा यंत्रावर जाण्यापेक्षा आम्ही पोटातलं डायलिसिस निवडलं. ते घरीच करता येतं. पोटात कायमची एक बारीक नळी बसवतात. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची दोन लिटरची पिशवी त्या नळीतून पोटात सोडायची. काही तासांनी ते पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. करायला सोपं. धोका एकच, जंतू. नळी जोडताना हात स्वच्छ नसेल तर जंतू थेट पोटात. म्हणून दर वेळी दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि वाहत्या पाण्याखाली साबणानं तीन मिनिटं हात धुवायचे. डायलिसिस विभागातल्या रूथ सिस्टरनी आम्हाला हे महिनाभर शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, अर्धा उपचार पिशवीत आहे, अर्धा बेसिनमध्ये.

एवढं करूनही पहिल्याच पावसाळ्यात यांना इन्फेक्शन झालं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. घरी आले ते दुसरेच कुणीतरी होऊन आले. बोलणं कमी झालं. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहायला लागलं. चार वेळा उठायचं, पिशवी करायची, परत खिडकीपाशी. खिडकीतून अंगणातली गाडी दिसायची, ताडपत्री घातलेली.

भावजींनी त्या दिवशी मला अंगणात उभं करून बरंच ऐकवलं. घरात एवढी काळजी घेऊनसुद्धा जंतू गेले, तर रस्त्यावर काय होईल. कुठलं पाणी, कुठली हवा. लोक काय म्हणतील, नवऱ्याला असं फिरवून मारलं म्हणतील. मी त्यांना उलटून बोलले नाही. एवढंच म्हटलं, "भावजी, पाण्याचं माझ्यावर सोडा. पाण्यात आणि दुधात जंतू शोधण्यातच माझं आयुष्य गेलंय."

ते गेल्यावर मी ड्रिल परत सुरू केलं.

पाण्याची सगळी मांडणी मी आधी कागदावर केली होती. सामान इस्माईलभाईंकडून घेतलं. स्टँडजवळ त्यांचं फिल्टर दुरुस्तीचं दुकान होतं. मी आधी आरओ मागितला, तर त्यांनीच अडवलं. वहिनी, गाडीत आरओ घालू नका, एक लिटर देताना तीन लिटर फेकून देतो, तुमची टाकी सकाळीच संपेल. त्याऐवजी त्यांनी साधी साखळी सांगितली. टाकीतून बॅटरीवर चालणारा छोटा पंप, मग गाळ पकडणारी कँडल, मग कोळशाचा फिल्टर, मग जंतू मारणारा अतिनील दिवा, आणि शेवटी नळ. टाकीत थोडं क्लोरीन घालायचं.

पंप, नळ्या, क्लिपा, सगळं मी स्वतः बसवायला घेतलं. माणूस लावला असता तर दोन दिवसांत झालं असतं. पण मला दोन दिवसांत व्हायला नको होतं. ते का, हे नंतर सांगते.

पहिला आठवडा हे बाहेर आले नाहीत. मी खिडकीसमोरच काम करायची. मुद्दाम नाही म्हणणार, पण खिडकीसमोर. आठव्या दिवशी पंपाची नळी तिसऱ्यांदा सुटली आणि मी कमरेपर्यंत भिजले. खिडकीतून आवाज आला.

"क्लिप उलटी आहे."

मी वर बघितलं नाही. "सुलटी कशी असते?"

"स्क्रू तुझ्याकडे येईल अशी. आणि आधी नळी गरम पाण्यात बुडव, मग सरकव. सत्तावीस वर्षं रेडिएटरच्या नळ्या मीच बदलल्यात."

दुसऱ्या दिवशी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी, पलंगाच्या फळीला मी खिळा मारते हे बघून त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. गाडीत खिळा मारत नसतात, हलून हलून ढिला होतो, बोल्ट लावतात, असं म्हणाले आणि बोल्टांचा डबा शोधायला स्वतः माळ्याखाली गेले. आमचं भांडणही झालं. गॅसची शेगडी कुठं ठेवायची यावरून सकाळभर. कित्येक महिन्यांत आम्ही भांडलो नव्हतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाणी नळाला आलं. आम्ही दोघं एकेक पेला प्यायलो. छान लागलं. मग मी रूथ सिस्टरना जाऊन सांगितलं, आम्ही गाडी घेऊन बाहेर पडणार आहोत, डॉक्टरांना तुम्ही सांगा. सिस्टर शांतपणे ऐकणाऱ्या बाई. त्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "पाणी चवीला कसं आहे ते मला नको. नळाच्या पाण्याचा जंतूंचा रिपोर्ट आणा. चांगला आला तर मी स्वतः डॉक्टरांशी बोलते. वाईट आला तर तुम्हीच त्यांना घरी ठेवाल, मला सांगावं लागणार नाही."

मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घेतलं, दोन मिनिटं पाणी जाऊ दिलं, मग बाटली भरली. तीस वर्षं हेच केलं होतं.

दोन दिवसांनी तिथल्या मुलीनं काचेची थाळी माझ्यासमोर ठेवली. मोजायची गरजच नव्हती. थाळीभर जंतूंचे ठिपके उगवले होते. साध्या महापालिकेच्या नळाच्या पाण्यातही एवढे येत नाहीत. मी माझ्या हातानं, फिल्टर आणि दिवा लावून, नळापेक्षा वाईट पाणी तयार केलं होतं.

घरी येऊन यांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून पडले. संध्याकाळी नाशिकहून आमच्या मुलीचा, वृषालीचा फोन आला. तिच्याशी मी कधी खोटं बोलत नाही, म्हणून तिलाही सांगितलं. तिनं रडत काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले होते तेवढ्यात भावजी येऊन खुंटीवरची गाडीची चावी घेऊन गेले.

"तुम्ही नेऊ दिली?" मी यांना विचारलं.

"दादा नेतो म्हणाला. मी काही बोललो नाही."

"का?"

"जाऊ दे शालन. झालं तेवढं झालं."

मी पिशवीतली भाजी तशीच ओट्यावर टाकली आणि अंगणात गेले. गाडीचं मागचं दार उघडंच होतं. चावी नसली तर गाडी चालणार नाही, पण पंपाची बॅटरी वेगळी होती. मी बेसिनसमोर मांडी घालून बसले आणि नळीवर बोट ठेवून ती कुठून कुठं जाते ते बघत गेले.

दुधाच्या संघात एक गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवली होती. टाकी नासत नाही, कोपरा नासतो. जिथं दूध हलत नाही, वाकड्या नळीत थांबून राहतं, तिथं जंतू घर करतात. मी इस्माईलभाईंच्या साखळीप्रमाणे सगळं बसवलं होतं, पण दिवा ठेवला होता पलंगाखाली, आणि तिथून नळापर्यंत सहा फूट पारदर्शक नळी खिडकीच्या कडेनं नेली होती. दिवसभर तिच्यावर ऊन. पाणी आत कोमट होऊन उभं. दिवा जंतू मारत होता, पण दिव्याच्या पुढं सहा फूट मोकळं रान होतं.

तेवढंच कारण असतं तर नळी लहान करून भागलं असतं. पण टाकीत क्लोरीन होतं, ते त्या नळीत का टिकलं नाही, हे मला कळेना. मी क्लोरीनची तपासपट्टी घेतली. टाकीचं पाणी, रंग आला. कँडलनंतरचं पाणी, रंग आला. कोळशानंतर पट्टी पांढरी.

मी उठून घरात गेले आणि यांच्या कॉटपाशी उभी राहिले. "कोळसा क्लोरीन खातो," मी म्हटलं.

ते वळले नाहीत.

"पाण्याला चव यावी म्हणून कोळसा लावतात. तो क्लोरीनचा वास काढतो, म्हणजे क्लोरीनच काढतो. प्यायला ते बरोबर आहे. पण हात धुवायला चव कशाला पाहिजे? मी दोन्हीला एकच नळ ठेवला, हे चुकलं."

हे खिडकीकडं बघतच म्हणाले, "म्हणजे कोळशाच्या पुढं पाण्याला कुणी वाली नाही."

"नाही."

"मग दोन नळ कर."

"बेसिनला दुसरं भोक पाडावं लागेल. स्टील कापायला माझा हात पुरत नाही."

खरं तर पुरला असता. ते उठून बसले, पायानं चपला शोधल्या आणि म्हणाले, "ड्रिलचं जाड बिट आण. आणि तेल."

दोन दिवस आम्ही ते काम केलं. पिण्याचा नळ कोळशातून. हाताचा नळ वेगळा, कँडलमधून थेट दिव्याकडं, क्लोरीन तसंच ठेवून. दिवा उचलून बेसिनच्या खाली, नळापासून वीतभर अंतरावर. पारदर्शक नळी फेकून काळी घेतली. जुन्या सगळ्या नळ्या ब्लीचिंगच्या पाण्यानं रात्रभर भरून ठेवल्या, सकाळी धुऊन काढल्या. हे पडून दिव्याची पट्टी आवळत होते, पोटात दोन लिटर पाणी घेऊन. मध्येच पिशवीची वेळ झाली की घरात जायचे, पिशवी करून परत यायचे. त्या पिशवीला कंटाळा आलाय असं त्या दोन दिवसांत दिसलं नाही. घाई दिसली.

मी पुन्हा नमुना दिला. रिपोर्ट यायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"कुठं?"

"दादाकडं."

"रिपोर्ट तर येऊ दे."

"रिपोर्टचा आणि चावीचा काय संबंध? गाडी माझी आहे."

भावजींचं घर दोन गल्ल्या सोडून. पायी पाच मिनिटांची वाट, आम्हाला पंधरा मिनिटं लागली. पावसाळ्यापासून हे दवाखान्याखेरीज कुठं गेले नव्हते. लोक दारात येऊन बघत होते. एका दुकानाच्या पायरीवर दम खायला बसले तर दुकानदारानं पाणी विचारलं. यांनी नको म्हणून हात केला, दिवसाला पाणी मोजून प्यायचं असतं.

भावजी ओसरीवर बसले होते. यांना बघून उठले, खुर्ची ओढली, आत वहिनींना हाक मारायला लागले. हे बसले नाहीत. हात पुढं केला.

"दादा, चावी."

"आधी बस. एवढं चालत आलास, फोन करायचा होतास."

"चावी दे."

भावजींचा चेहरा पडला. ते म्हणाले, "महिपती, तुला वाटेत काही झालं तर मी काय करू? तुला मी हातानं वाढवलंय. मला माझा भाऊ पाहिजे रे."

हे थोडा वेळ उभे राहिले. दम लागला होता तो बसू दिला. मग म्हणाले, "खिडकीपाशी पडलाय तो तुझा भाऊ नाही दादा. ते नुसतं पोट आहे. चार वेळा भरायचं आणि चार वेळा रिकामं करायचं. ते सांभाळून तुला काय मिळणार आहे?"

भावजींनी ओढलेली खुर्ची परत भिंतीला लावली.

"लोकांनी विचारलं तर सांग, हा सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं वेळेवर घरी पोचवत होता. बायकोलाही पोचवेल."

भावजी आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, देणार नाहीत. मग आले, चावी यांच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "शालन, काही झालं तर मी तुला बोलणार."

"बोला," मी म्हटलं. "आम्ही परत आल्यावर बोला."

रिपोर्ट आला. थाळी कोरी होती. मी ती उजेडात धरून तीनदा बघितली. मग रिपोर्ट घेऊन तशीच दवाखान्यात गेले. रूथ सिस्टरनी तो वाचला, आणि ड्युटी संपल्यावर स्वतः आमच्या घरी आल्या. गाडीत चढल्या, खिडक्यांच्या फटी हातानं चाचपल्या, आणि यांना म्हणाल्या, आता माझ्यासमोर पिशवी करून दाखवा. घड्याळ हातात धरून बसल्या. यांनी मास्क लावला, हाताचा नळ सोडला, तीन मिनिटं हात धुतले. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं. पिशवी जोडली. सिस्टरनी कुठं बोट दाखवलं नाही.

जाताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या गेटच्या कडीवर हात ठेवून थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "शालनताई, त्यांनी मला परत विचारलं नाही."

ते काय, ते आता सांगते. तोपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये यांना तपासणीला नेलं होतं. हे आत डॉक्टरांकडं असताना रूथ सिस्टरनी मला बाहेर बाजूला घेतलं. म्हणाल्या, हे मी सांगावं की नाही यावर आठ दिवस विचार केला. महिपतींनी मला विचारलं की पिशव्या बंद केल्या तर माणूस किती दिवस राहतो, आणि त्रास किती होतो. मी उत्तर दिलं नाही. मग ते म्हणाले, मार्चपासून पिशव्या मागवायच्या नाहीत, शालनला मी सांगेन, तुम्ही सांगू नका.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना रिक्षात हे माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांना काही विचारलं नाही. घरी आल्यावर ते खिडकीपाशी गेले. मी चहा टाकला, आणि गॅससमोर उभी राहून ठरवलं की हे भावजींना सांगायचं नाही आणि वृषालीलाही नाही. सांगितलं असतं तर सगळी आली असती. पाया पडली असती, रडली असती, शपथा घातल्या असत्या. आणि हे भिडेखातर हो म्हणाले असते, आणि भिडेखातर चार पिशव्या करत खिडकीपाशी पडून राहिले असते. मला ते नको होतं. मला यांना विनवायचंच नव्हतं. पिशव्या थांबवायचा विचार माणूस जगायला कंटाळल्यावर करतो, तर मग मी कंटाळा घालवणार होते, आणि त्यासाठी यांना राग यायला हवा होता. यांना राग येईल अशी एकच गोष्ट माझ्या हाताशी होती. चहा उतू गेला तो पुसला, अंगणात गेले आणि गाडीची ताडपत्री ओढून काढली. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन पहिली सीट सोडवली.

म्हणून मला दोन दिवसांत व्हायला नको होतं.

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी निघालो. डॉक्टरांनी दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर चालवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, कुठं जायचं. मला वाटलं समुद्र म्हणतील. ते म्हणाले, "वेरूळ. शाळेच्या सहली घेऊन अकरा वेळा गेलोय. लेणं एकदाही बघितलं नाही. पोरं आत गेली की मी गाडीत झोपायचो, परत रात्रभर चालवायचं असायचं. मला तिथलं पार्किंग पाठ आहे."

चौथ्या दिवशी दुपारी पोचलो. वाटेत बारा पिशव्या झाल्या होत्या, कधी झाडाखाली, कधी पेट्रोल पंपाच्या मागं, एकदा लग्नाच्या मांडवाशेजारी बँडच्या आवाजात. पार्किंगमध्ये यांनी गाडी लावली ती एका ठरावीक कोपऱ्यात. इथं तीननंतर सावली येते, म्हणाले.

कैलास लेण्यापर्यंत आम्ही थांबत थांबत गेलो. आत शिरल्यावर हे अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले. डोंगर वरून खाली खोदत आणून त्यात देऊळ काढलंय. शाळेच्या पोरांची एक रांग त्यांच्या बाजूनं गेली, मास्तर ओरडत होते, हात लावू नका. हे तसेच उभे. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "मी याच्या एवढ्या जवळ झोपत होतो?"

परत गाडीत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि सावली आली होती. पिशवीची वेळ झाली होती. मी खिडक्या लावल्या. यांनी हात धुतले. पोटातलं पाणी रिकाम्या पिशवीत उतरायला वीस मिनिटं लागतात. पिशवी भरल्यावर ती स्वच्छ आहे की गढूळ ते बघायचं असतं, पिशवीच्या मागं छापलेला कागद धरून. अक्षरं वाचता आली तर जंतू नाहीत. यांनी खिशातलं लेण्याचं तिकीट काढलं, पिशवीच्या मागं धरलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. तारीखसुद्धा.

मग नवीन पिशवी जोडता जोडता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या पिशव्या सांगितल्यास का?"

मी पाठमोरी होऊन बेसिनखालच्या टाकीचं झाकण आवळायला लागले. ते आवळलेलंच होतं.

"नाही अजून," मी म्हटलं. "किती सांगू?"

"नेहमीच्या. आणि आठ जास्त. गाडीत ठेवायला."

मी एकदाही त्यांना सांगितलं नाही की मला माहीत होतं. त्यांनीही कधी विषय काढला नाही. त्यानंतर ते दोन वर्षं चार महिने होते. शेवटी हृदय थांबलं, सकाळी, वर्तमानपत्र वाचताना. त्या मधल्या काळात आम्ही सात वेळा बाहेर पडलो. इन्फेक्शन एकदाच झालं, तेही पाहुणे आले असताना घरच्या बाथरूममध्ये हात धुऊन पिशवी केली तेव्हा. आठ दिवस दवाखान्यात होते. मी तिथूनच भावजींना मुद्दाम फोन करून सांगितलं की जंतू घरात लागले, गाडीत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "आता काय करणार?"

"आता बरे झाले की लोणार," मी म्हटलं. "तुम्ही येताय का? एक सीट अजून आहे."